सार्वजनिक बॉन्साय संग्रह : संगोपन आणि निधी

उथळ कुंडीत वाढवलेल्या, छाटणी आणि तारेने वळण दिलेल्या लहान वृक्षांचा जो संग्रह एखादी संस्था लोकांना पाहता यावा म्हणून सांभाळते, त्याला सार्वजनिक बॉन्साय संग्रह म्हणतात. वनस्पती उद्याने, वृक्षोद्याने, नगरपालिका, विद्यापीठे आणि स्वतंत्र न्यास यांच्याकडे असे संग्रह आहेत. मालकीची नोंद, मांडणी, सुरक्षा ही कामे इथेही कोणत्याही संग्रहालयासारखीच चालतात. पण चित्रांचे दालन महिनाभर कुलूपबंद राहिले तरी चित्रे भिंतीवर टिकतात. ऐन उन्हाळ्यात बॉन्सायच्या कुंडीला एका दिवसाचे पाणी चुकले तर दोनशे वर्षे जगलेले झाड हातचे जाऊ शकते. म्हणून रोज झाडापाशी कोण उभे राहणार आणि त्याचा पगार कुठून येणार, हे दोन प्रश्न इथे वेगळे काढता येत नाहीत. बहुतेक संग्रह अडचणीत येतात ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढे ढकलल्यामुळे.

प्रमुख संग्रह

अमेरिकेत ब्रुकलिन वनस्पती उद्यानाचा संग्रह १९२५ मध्ये अर्नेस्ट को यांनी दिलेल्या ३२ झाडांपासून सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची सूत्रे फ्रँक ओकामुरा यांच्याकडे आली आणि १९४७ ते १९८१ अशी सलग चौतीस वर्षे ती त्यांच्याकडेच राहिली. बॉस्टनमधील आर्नल्ड वृक्षोद्यानातील झाडे जपानमधील अमेरिकेचे राजदूत लार्झ अँडरसन यांनी १९१३ मध्ये आणली होती. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नी इझाबेल यांनी १९३७ मध्ये त्यातील बहुतांश झाडे हार्वर्ड विद्यापीठाच्या या उद्यानाला दिली. त्यात १७३७ पासून घडवत आणलेला एक हिनोकी सायप्रस आहे.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातील राष्ट्रीय बॉन्साय आणि पेनजिंग (कुंडीत झाडे व निसर्गदृश्ये घडवण्याची चिनी कला) संग्रहालयाची सुरुवात १९७६ मध्ये झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त निप्पॉन बॉन्साय असोसिएशनने ५३ झाडे आणि ६ प्रेक्षणीय शिला भेट दिल्या. त्यापूर्वी ही झाडे मेरीलँडमध्ये विलगीकरणात ठेवली होती. त्यांत मासारू यामाकी यांनी दिलेला एक जपानी पांढरा पाइन आहे. तो १६२५ पासून घडवला जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा हे झाड स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकींच्या रोपवाटिकेत भिंतीच्या आड होते आणि वाचले. २००१ मध्ये यामाकींचे नातू झाड पाहायला आले, तेव्हा ही हकीकत संग्रहालयाला कळली. पंचवीस वर्षे ज्यांनी त्याला पाणी घातले, त्यांना आपण काय सांभाळतो आहोत हे ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी ते इतर झाडांइतक्याच निगुतीने सांभाळले. सार्वजनिक संग्रहाच्या बाजूने याहून मोठा पुरावा देता येणार नाही.

जपानमध्ये १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतील बॉन्साय व्यावसायिक ओमियाला स्थलांतरित झाले आणि १९२५ मध्ये तिथे बॉन्साय गाव वसले. त्याच परिसरात सायतामा शहराने २०१० मध्ये ओमिया बॉन्साय कला संग्रहालय उघडले. टोकियोतील ताकागी या खासगी बॉन्साय संग्रहालयाची झाडे त्याचा गाभा आहेत. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय संग्रह कॅनबेरात २००८ मध्ये खुला झाला. तिथली झाडे देशातल्या कलाकारांनी काही दान, तर काही उसनी दिलेली आहेत.

पाणी

जपानी बागकामात पाणी घालायला शिकण्यास तीन वर्षे लागतात असे म्हणतात, आणि ते अतिशयोक्त नाही. कुंडीची खोली अनेकदा तळहाताच्या रुंदीएवढीच असते. उन्हाळ्यात एकाच दिवशी दोन-तीनदा पाणी लागते, हिवाळ्यात काही दिवस अजिबात लागत नाही, आणि शेजारशेजारच्या दोन झाडांची तहानही सारखी नसते. अकादामा ही भाजल्यासारखी दिसणारी जपानी दाणेदार माती ओली असताना गडद तपकिरी आणि सुकत आली की फिकट पिवळसर दिसते. अनुभवी माळी कुंडीवरचे शेवाळ बोटाने किंचित उचलून खालचा रंग पाहतो, लहान कुंडी असेल तर ती हातात धरून वजनाचा अंदाज घेतो, आणि वाफसा असेल तर त्या झाडाला वगळून पुढे जातो. पाणी दोनदा घालतात. पहिल्या फेरीत वरची माती नुसती भिजते. थोड्या वेळाने दुसरी फेरी घातली की पाणी मुळांच्या गड्ड्यात उतरते आणि तळाच्या भोकांतून वाहू लागते. ते वाहिल्याशिवाय पाणी झाले असे समजत नाहीत.

ठरावीक वेळी सुरू होणारे स्वयंचलित तुषार बसवले म्हणजे हा प्रश्न सुटला, असे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांना वाटते. ते आपत्कालीन सोय म्हणून ठीक आहेत. पण एकाच वेळापत्रकावर सगळ्या झाडांना सारखे पाणी दिले की पाइनची मुळे कुजतात आणि मेपलची पाने करपतात. शिवाय रोज पाणी घालणारा माणूसच मावा, खवले कीड, लाल कोळी, सैल झालेली तार आणि रंग बदललेली पालवी सर्वांत आधी पाहतो. नळाचे काम यंत्राला देता येते. पण माणूस काढला की ही पाहणीही जाते.

छाटणी, तार आणि कुंडी बदलणे

वर्षभराचे काम झाडाच्या जातीवर ठरते. जपानी काळ्या पाइनचे नवे कोंब उन्हाळ्याच्या सुरुवातीला पूर्ण कापतात. मग त्याच हंगामात दुसरी फूट येते आणि तिची पाने आखूड राहतात. हीच कात्री जपानी पांढऱ्या पाइनला लावली तर झाड खचते, कारण त्याला वर्षातून एकदाच फूट येते. त्याचे कोंब वाढत असताना नुसते खुडायचे असतात. एकाच ओट्यावर शेजारी ठेवलेल्या या दोन झाडांना एकच नियम लावणारा नवखा माणूस एका सकाळी अनेक वर्षांचे काम बिघडवू शकतो.

कुंडी बदलण्याचा हंगाम सर्वांत धावपळीचा असतो. वसंतात कळ्या फुगू लागल्या की पानझडी झाडांना जेमतेम काही आठवडे मिळतात. झाड बाहेर काढून आकड्याने मुळे विंचरतात, गोल गोल फिरलेली जाड मुळे कापतात, कुंडीच्या भोकांतून ओवलेल्या तारेने गड्डा घट्ट बांधतात आणि चॉपस्टिकने दाणेदार माती मुळांच्या सांदीत शिरवतात. आत पोकळी राहिली तर तेवढी मुळे सुकतात. झाड हलते राहिले तर नव्या मुळांची कोवळी टोके तुटतात. तरुण झाडांना हे दर एक-दोन वर्षांनी, जुन्या सूचीपर्णींना चार-पाच किंवा अधिक वर्षांनी करावे लागते. मोठे झाड उचलायलाच तीन-चार माणसे लागतात.

थंड प्रदेशात हिवाळ्याची व्यवस्था वेगळी. जमिनीतल्या झाडाची मुळे सुरक्षित असतात, कुंडीतली गोठतात. म्हणून आर्नल्ड वृक्षोद्यानात झाडे गोठणबिंदूच्या किंचित वर राखलेल्या शीतगृहात हिवाळा काढतात. वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडांना मात्र उबदार काचघर लागते. दोन्ही प्रकारची झाडे घेणारी संस्था दोन इमारतींचा खर्च अंगावर घेते, हे झाड स्वीकारतानाच लक्षात घेतले पाहिजे.

आकार कोणाचा

जॉन नाका यांनी ११ ज्युनिपरांचे ‘गोशिन’ हे वन १९८४ मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहाला दिले. नाका २००४ मध्ये गेले. झाडे वाढतच आहेत. कलाकार गेल्यावर त्याची रचना जशीच्या तशी राखावी की झाडाच्या वाढीला वाट द्यावी, हा वाद प्रत्येक संग्रहात होतो. फांदी जाड होते, एखादी मरते, शेंडा बदलावा लागतो. जशीच्या तशी राखणे फार काळ शक्य नसते. दरवर्षी त्याच कोनातून घेतलेले छायाचित्र आणि कोणती फांदी कधी व का कापली याची नोंदवही, यांमुळे निदान बदल जाणूनबुजून होतात. ही वही नसेल तर नवा अभिरक्षक झाड वाचून अंदाज बांधतो, आणि मागच्याने दहा वर्षे जपलेली फांदी निरुपयोगी समजून काढून टाकतो.

सुरक्षा

झाडे उघड्यावर असतात आणि उचलून नेता येतात, त्यामुळे चोरी हा कायमचा धोका आहे. अमेरिकेतील फेडरल वे येथील पॅसिफिक बॉन्साय म्युझियममधून फेब्रुवारी २०२० मध्ये दोन झाडे चोरीला गेली आणि काही दिवसांत परत मिळाली. त्यांतला काळा पाइन दुसऱ्या महायुद्धात जपानी-अमेरिकनांना स्थानबद्ध केलेल्या छावणीत, पत्र्याच्या डब्यात बियांपासून वाढवलेला होता. चोरलेले झाड विकले जाण्याआधी पाण्यावाचून मरण्याची शक्यता अधिक असते. विम्याचे पैसे मिळाले तरी तसे झाड बाजारात मिळत नाही. त्यामुळे कुंपण, कॅमेरे आणि रात्रीचा पहारेकरी यांवरचा खर्च आधी करावा.

निधी

सार्वजनिक संग्रहाचा खर्च दोन प्रकारचा असतो. मंडप, ओटे, शीतगृह, कुंपण हा एकदाचा भांडवली खर्च. पगार, पाणी, माती, तार, औषधे, वीज हा दरवर्षीचा आवर्ती खर्च. त्यात पगाराचा वाटा सर्वांत मोठा. देणगीदारांचा ओढा पहिल्याकडे असतो, कारण मंडपावर नावाची पाटी लावता येते. रविवारी सकाळी पाणी घालणाऱ्याच्या पगाराला पाटी नसते. इझाबेल अँडरसन यांनी झाडांसोबत सावलीगृह बांधण्यासाठी पैसे दिले, हे त्या काळी उदारच होते. पण सावलीगृह उभे राहिल्यानंतरची देखभाल संस्थेच्या माथी आली. आजही बहुतेक दाने अशीच येतात.

सरकारी मालकीच्या संग्रहांत जमीन, इमारत आणि मूळ कर्मचारी यांचा भार सरकार उचलते आणि एक बिगरसरकारी न्यास वरचा पैसा गोळा करतो. वॉशिंग्टनचे संग्रहालय कृषी खात्याच्या अखत्यारीत आहे, प्रवेश विनामूल्य आहे, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेले नॅशनल बॉन्साय फाउंडेशन मंडप, प्रशिक्षणार्थी आणि कार्यक्रमांसाठी देणग्या मिळवते. या जोडीची ताकद अशी की एका बाजूचा पैसा आटला तरी दुसरी काही काळ तग धरते. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी सरकारचे कामकाज ठप्प झाले तेव्हा वृक्षोद्यान लोकांना बंद होते. अशा वेळी दार बंद ठेवता येते, पाणी बंद ठेवता येत नाही.

एखाद्या कंपनीच्या आश्रयाने संग्रह झटपट उभा राहतो. पॅसिफिक बॉन्साय म्युझियम १९८९ मध्ये वेअरहाउसर या लाकूड कंपनीने आपल्या मुख्यालयाच्या आवारात सुरू केले. २०१० नंतरच्या दशकात ते स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे सोपवण्यात आले. कंपनीचा व्यवसाय, पत्ता आणि मालक बदलू शकतात. म्हणून आश्रयदाता खंबीर असतानाच स्वतंत्र न्यास स्थापून त्याच्या नावे ठेव करून घेणे शहाणपणाचे.

स्वयंसेवकांवर चालणारे संग्रहही आहेत. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या मेरिट सरोवराकाठची बाग १९९९ मध्ये खुली झाली. तिचे काम मुख्यतः स्वयंसेवकच पाहतात. तण काढणे, शेवाळ लावणे, कुंडी बदलताना मदत, पाहुण्यांना माहिती देणे ही कामे स्वयंसेवक उत्तम करतात. पण त्यांना फुकटचे मनुष्यबळ समजू नये. त्यांना शिकवायला वेळ लागतो, आणि महत्त्वाच्या झाडावर कात्री कोणी चालवायची हे एकाच जबाबदार माणसाने ठरवावे लागते.

प्रवेशशुल्क, कार्यशाळा, जादा झाडांचा लिलाव, जुन्या कुंड्यांची विक्री, झाड दत्तक देण्याच्या योजना यांतून उत्पन्न येते. मात्र ते हंगामी असते. पावसाळी किंवा साथीच्या वर्षी पाहुणे घटतात, झाडांचे काम तेवढेच राहते. त्यामुळे पगार अशा उत्पन्नावर टाकू नयेत. त्यातून अवजारे, छपाई, प्रशिक्षण असा मागेपुढे करता येणारा खर्च भागवावा.

पगारासाठी कायम ठेव हाच भरवशाचा मार्ग आहे. ठेवीची मुद्दल हात न लावता गुंतवतात आणि दरवर्षी ठरावीक हिस्साच खर्च करतात. तो हिस्सा चार टक्के धरला, तर वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट मुद्दल लागते. आकडा ऐकून विश्वस्त दचकतात, पण त्याचा उपयोग उलट बाजूनेही आहे : आपल्या ठेवीला पंचविसाने भागले की आपल्याला दरवर्षी किती माणसे परवडतात ते कळते, आणि त्या माणसांच्या हातून जेवढी झाडे नीट सांभाळली जातील तेवढाच संग्रह ठेवावा. महागाईमुळे पगार वाढतात, म्हणून चांगल्या वर्षीच्या नफ्याचा भाग मुद्दलात परत टाकावा लागतो.

झाड फुकट मिळाले तरी त्याचा सांभाळ फुकट होत नाही. वयस्क हौशी कलाकार आपली झाडे संस्थेला देऊ इच्छितात आणि नकार देणे जड जाते. नकार देता आला पाहिजे. लेखी स्वीकृती-धोरण असले की निर्णय व्यक्तीच्या भिडेवर राहत नाही : संग्रहात त्या जातीची किती झाडे आहेत, झाड निरोगी आहे का, ते कोणत्या हवामानात जगते, आणि दात्याने किंवा त्याच्या मित्रमंडळाने त्याच्या पोटापाण्याची काही सोय केली आहे का. दानपत्रात दोन अटी संस्थेच्या बाजूने असाव्यात. झाड पुढे संग्रहातून काढण्याची मुभा हवी. झाड मेले तर त्याच्या नावची देणगी बाकीच्या संग्रहावर खर्च करता आली पाहिजे. नाहीतर मेलेल्या झाडाचा पैसा बँकेत अडकतो आणि जिवंत झाडे उपाशी राहतात.

माणसांची साखळी

जपानमध्ये बॉन्सायची उमेदवारी साधारण पाच-सहा वर्षांची असते. एवढा अनुभवी माणूस जाहिरात दिली की महिन्याभरात मिळेल, असे होत नाही. अभिरक्षक निवृत्त होण्याआधी त्याचा वारस किमान एक पूर्ण वर्ष त्याच्यासोबत असावा, म्हणजे चारही ऋतूंची कामे त्याच्या हाताखालून जातात. त्या वर्षी दोन पगार लागतात आणि हाच खर्च अंदाजपत्रकातून सर्वांत आधी कापला जातो. तो ठेवीत स्वतंत्र शीर्षाखाली राखून ठेवला तर वाचतो.

संस्था बंद पडली तर झाडे कोणाकडे जातील, हेही न्यासाच्या घटनेत आधी लिहिलेले असावे. देश ओलांडायचा असेल तर अनेक ठिकाणी मुळांची माती पूर्ण धुवावी लागते आणि झाड महिनोन्‌महिने विलगीकरणात राहते. जुन्या पाइनला ते सोसत नाही. म्हणून शक्यतो त्याच हवामानातली, चालू कर्मचारी असलेली संस्था नावानिशी नोंदवतात, तिची लेखी संमती घेतात आणि काही वर्षांनी ती संमती नव्याने घेतात, कारण दरम्यान त्या संस्थेचीही परिस्थिती बदललेली असू शकते.