वीजबिलाच्या मागे लिहिलेल्या कळा

माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी, पुण्यात आमच्या सिंहगड रोडच्या घरी. दवाखाना सदाशिव पेठेत आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख नेमकी अनंत चतुर्दशीची. त्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड मिरवणुकीने भरलेले असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. त्यामुळे घरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, निघायचं कधी?

तारखेच्या आठ दिवस आधी रात्री अकराच्या सुमारास तिचं पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं. हाताशी विजेचं जुनं बिल होतं, त्याच्या पाठीवर ती वेळा लिहीत गेली. ११.१०, ११.३२, ११.४१, १२.१५, १२.२२, १२.५०. दीड वाजता आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी आधी तो कागद पाहिला. मधली अंतरं २२, ९, ३४, ७ आणि २८ मिनिटं. "या कळांना अजून चाल नाही," त्या म्हणाल्या. मग पोटाला पट्टे लावून एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची तपासणी झाली, ठोके छान होते. गर्भपिशवीचं तोंड जेमतेम बोटभर उघडलं होतं. आम्हाला घरी पाठवलं आणि घरी येऊन ती सकाळपर्यंत गाढ झोपली.

आई म्हणाली, खोट्या कळा. मला हा शब्द पटत नाही. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये दाखवून दिलं की गर्भाशय गरोदरपणात अधूनमधून आवळत-सैलावत असतंच. शेवटच्या महिन्यात ते जाणवायला लागतं, एवढंच. पाणी कमी प्यायलं, दिवसभर उभं राहणं झालं, लघवी तुंबली की ते वाढतं. पाणी पिऊन कुशीवर पडलं, नाहीतर थोडं चाललं, की बहुतेक वेळा थांबतं. त्या बाईला झालेला त्रास मात्र खराच असतो.

मग खऱ्या कळांत वेगळं काय होतं? एरवी साधारण ७० ग्रॅमचं असलेलं गर्भाशय दिवस भरेपर्यंत किलोभराच्याही पुढे जातं. एवढा मोठा स्नायू नऊ महिने गप्प ठेवण्याचं काम प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक करतं. तोवर त्यातल्या पेशी आपापल्या जागी, एकमेकींचा मेळ नसताना आकुंचन पावतात. शेवटी शेवटी शेजारच्या पेशींमध्ये सूक्ष्म जोडण्या तयार होतात. मग एकीला मिळालेला इशारा सगळ्यांपर्यंत पोचतो आणि स्नायू एका लाटेत आवळतो. त्याच काळात ऑक्सिटोसिन या कळा वाढवणाऱ्या संप्रेरकाचा इशारा पकडणारे रिसेप्टर पेशींवर खूप वाढतात. पिशवीचं तोंडही बदलत असतं. नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असलेलं ते ओठासारखं मऊ होतं, आखूड होतं, मग उघडायला लागतं. बाळाचं डोकं त्यावर दाबलं गेलं की मेंदूकडे निरोप जातो, तिथून आणखी ऑक्सिटोसिन सुटतं, कळ वाढते आणि डोकं आणखी दाबतं. हे चक्र एकदा पकडीत आलं की कूस बदलून किंवा पाणी पिऊन थांबत नाही. म्हणूनच खऱ्या कळा लांबत जातात, जोर धरतात आणि जवळ जवळ येतात. अनेकींना त्या कमरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येताना जाणवतात.

म्हणून एका कळेवरून काही ठरवू नये, ती कितीही जोराची असली तरी. तासभर वेळा लिहाव्यात. आणि इथे जवळजवळ प्रत्येक घरात एक चूक होते. एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरला जातो. अंतर मोजायचं ते एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. प्रत्येक कळ किती सेकंद टिकली तेही शेजारी लिहावं. पहिलटकरणीला साधारणपणे सांगतात की दर पाच मिनिटांनी, प्रत्येक जवळपास मिनिटभराची, अशा कळा तासभर आल्या की निघा. दुसऱ्या खेपेला त्याआधीच निघावं, कारण पुढचा टप्पा पटकन उरकू शकतो. आधीचं सिझर असेल, जुळं असेल, बाळ पायाळू असेल किंवा दवाखाना लांब असेल, तर आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलीच वेळ पाळायची.

बोटभर उघडलेलं तोंड कित्येक तास, कधी एक-दोन दिवसही तेवढंच राहू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार प्रसूतीचा वेगाचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरतात, पूर्ण उघडणं म्हणजे दहा. तेव्हा घरी परत पाठवलं तर आपलं काही चुकलं असं कुणाही बाईला वाटू नये.

पोट खाली उतरणं, श्वास मोकळा होणं आणि लघवीला सारखं जावं लागणं, हे पहिल्या खेपेला दोन-तीन आठवडे आधीही होतं. शेंबडासारखा चिकट, गुलाबी झाक असलेला स्राव गेला तर तोंडाशी असलेलं बूच सुटलं असं समजावं. त्यानंतर कळा त्याच दिवशी येतील किंवा आठवडाही जाईल. या दोन्हींसाठी मध्यरात्री धावायची गरज नाही.

पाणमोट फुटली तर मात्र कळांची वाट बघायची नाही. दरवेळी धबधबा होत नाही. बाळाचं डोकं खाली घट्ट बसलेलं असेल तर पाणी थेंब थेंब झिरपतं आणि लघवी सुटल्यासारखं वाटतं. स्वच्छ पॅड लावून बघावं. पाण्याला लघवीचा वास नसतो आणि ते रोखून धरता येत नाही. रंग हिरवट किंवा तपकिरी दिसला तर बाळाने आत शी केलेली असू शकते. तशीच निघा आणि पोचल्यावर रंग आधी सांगा.

पाळीसारखं लाल रक्त जाणं, पोट सैलच न होता सतत दुखत राहणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, ताप, यांतलं काहीही झालं तर वेळा लिहीत बसू नये. आणि बाळाची हालचाल. "कळा यायच्या आधी बाळ शांत होतं" असं पुष्कळ घरांत सांगतात. हे चूक आहे आणि घातक आहे. जागा कमी झाल्याने हालचालीची धाटणी बदलते, लाथेऐवजी सरकणं, ढवळणं जाणवतं, पण ती कमी होत नाही. नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ लावा. सरकारी दवाखान्यात जायचं असेल तर गरोदर बाईसाठी १०२ ची मोफत गाडी असते.

सदतिसावा आठवडा पूर्ण व्हायच्या आत कळांना चाल आली तर पाच मिनिटांचा हिशोब लागू नाही, लगेच जायचं. यामागची गोष्ट मला फार आवडते. न्यूझीलंडचे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स मेंढीची प्रसूती सुरू कशी होते हे शोधत होते. त्यांना दिसलं की पोटातल्या कोकराच्या शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढलं की कळा सुरू होतात. माणसात हे इतकं सरळ नाही. पण तशाच औषधाने अपुऱ्या दिवसांची जन्मलेली काही कोकरं जगली, त्यांच्या फुप्फुसांत हवा भरलेली सापडली, आणि लिगिन्स त्या हवेपाशी थांबले. म्हणजे औषधाने फुप्फुसं वेळेआधी तयार झाली होती. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी गरोदर बायांमध्ये चाचणी घेतली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. अपुऱ्या दिवसांत प्रसूतीची चिन्हं दिसली की आज आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात ती त्यातूनच आली. त्यांचा पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो. घरी "बघू सकाळी" म्हणून घालवलेली रात्र त्या बाळाच्या वाट्याची असते.

बहिणीच्या खऱ्या कळा पाच दिवसांनी, पहाटे चारला सुरू झाल्या. मी तेच बिल शोधून काढलं आणि पहिल्या यादीखाली लिहायला लागले. ४.०५, ४.१४, ४.२२, ४.२९, ४.३६, ४.४२, ४.४७, ४.५२. पाचच्या पुढे अंतर पाच मिनिटांवर टिकलं. कळ आली की तिचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं, ओसरली की ती राहिलेलं वाक्य पुरं करायची. शेवटची नोंद ५.५२ ची आहे आणि ती ओळ खाली तिरकी गेली आहे, कारण तेव्हा तिने माझा हात पेनासकट धरून ठेवला होता. सहाला निघालो. सिंहगड रोड रिकामा होता. भाची दुपारी दीडला झाली.