4294967295 की 4294967297?

दोन्ही संख्या दहा अंकी, आणि शेवटचा अंक सोडला तर अगदी सारख्या. मधे 4294967296, म्हणजे 2 चा 32 वा घात. एक संख्या त्याच्या एक मागे, दुसरी एक पुढे. घाईत एकीच्या जागी दुसरी लिहिली जाते, पण स्वभावाने त्या फार वेगळ्या आहेत.

पहिली रोजच्या वापरातली आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, असे ठेवत गेलो तर अर्धा पट भरायला नेमके 4294967295 दाणे लागतात. कॉम्प्युटरच्या 32 बिटमध्ये, म्हणजे 0 किंवा 1 लिहायच्या 32 जागांत, मावणारी सर्वांत मोठी संख्याही हीच. दुसरी तिथे लिहायला गेलो, तर वरचा बिट गळून पदरात फक्त 1 उरतो.

खरी गंमत अवयव पाडताना येते. पहिलीच्या शेवटी 5 आहे, अंकांची बेरीज 57 आहे, म्हणजे 5 आणि 3 लगेच सापडले. पुढे दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र लावत जा: 65537 × 65535, मग 65535 = 257 × 255, मग 255 = 17 × 15. हाती येते 3 × 5 × 17 × 257 × 65537, आणि या पाचही मूळ संख्या आहेत.

दुसरी अशी दाद देत नाही. गणितज्ञ फेर्माने एक रांग मांडली होती: 2 चा 1, 2, 4, 8, 16, 32 वा घात घ्यायचा आणि 1 मिळवायचा. पहिल्या पाच संख्या म्हणजे वरच्याच 3, 5, 17, 257, 65537. सहावी 4294967297. रांगेतली प्रत्येक संख्या मूळ असावी, असे फेर्माला वाटत होते. गोल्डबाखने 1729 मध्ये पत्रातून ही गोष्ट ऑयलरपुढे ठेवली, आणि 1732 मध्ये ऑयलरने दाखवले: 4294967297 = 641 × 6700417.

641 चा पडताळा मला फार देखणा वाटतो. 641 म्हणजे 5 × 128 + 1, आणि 641 म्हणजे 625 + 16 सुद्धा. 641 ने भागताना 5 × 2⁷ ची बाकी −1 धरता येते. तिचा चौथा घात घेतला की 5⁴ × 2²⁸ ची बाकी 1. पण 5⁴ म्हणजे 625, त्याच्या जागी −16, म्हणजे −2⁴ चालते. म्हणून −2³² ची बाकी 1, आणि 2³² + 1 ला 641 ने पूर्ण भाग जातो. दहा अंकी भागाकार करावाच लागत नाही.

या दोघींचे नातेही आहे. फेर्माच्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार सहावीपेक्षा बरोबर 2 ने कमी भरतो; पहिली संख्या म्हणजे तोच गुणाकार. दोन्ही विषम आणि फरक 2, म्हणून त्यांना 1 सोडून एकही सामाईक विभाजक असू शकत नाही. त्यामुळे 641 आणि 6700417 यांना पहिलीच्या अवयवांत जागाच नाही.

गौसने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो हे 1796 मध्ये ओळखले. फेर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराइतक्या बाजू असतील तर असा बहुभुज काढता येतो, म्हणून ज्ञात असलेल्या विषम बाजूंच्या अशा बहुभुजांत सर्वांत मोठा 4294967295 बाजूंचा आहे. 4294967297 मूळ निघाली असती तर ही मर्यादा पुढे सरकली असती. फेर्माची सहावी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.