धडधडत्या हृदयावरची बायपास नेहमीच जास्त सुरक्षित?

‘वय झालंय, मधुमेह आहे, मग हृदय न थांबवता केलेली बायपासच बरी’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो सरसकट खरा नाही.

हृदय थांबवल्यावर त्याचं आणि फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन टाळलं की शरीराला त्रास कमी, हा तर्क पटण्यासारखा आहे. रक्त कमी चढवावं लागतं, हेही खरं. पण टाके कुठे घालायचे आहेत ते बघा: जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची धमनी, केसाइतका बारीक धागा आणि खाली हलणारं हृदय. स्टॅबिलायझरने तेवढाच भाग धरून ठेवतात, तरी मागच्या बाजूच्या धमन्या गाठणं कठीणच. एखादा ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा देण्यासाठी जोडलेली रक्तवाहिनी, राहिला किंवा नीट जुळला नाही, तर त्याची किंमत काही वर्षांनी मोजावी लागते.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील २,२०३ रुग्णांच्या ‘रूबी’ चाचणीत पाच वर्षांत मशीनशिवायच्या गटात १५.२ टक्के मृत्यू झाले, मशीनच्या गटात ११.९. उलट १९ देशांतल्या ४,७५२ रुग्णांच्या ‘कोरोनरी’ चाचणीत पाच वर्षांनी लक्षणीय फरक दिसला नाही. जर्मनीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांवर झालेल्या चाचणीतही तेच.

मग ही पद्धत टाकाऊ का? मुळीच नाही. महाधमनी कॅल्शियमने कडक झाली असेल, तर तिला हात न लावता केलेली बायपास पक्षाघाताचा धोका कमी करू शकते. मात्र हात सरावलेला हवा. म्हणून सर्जनला थेट विचारा: अशा शस्त्रक्रिया तुम्ही नियमित करता का, आणि माझ्या सगळ्या धमन्यांना ग्राफ्ट लागतील का?