खिशातली डबी, खाटेवरची पिशवी

वर्ध्याच्या बाजूला एका वैद्यकीय महाविद्यालयात माझ्या ओळखीच्या एक मॅडम सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. त्यांच्या संशोधनाचे विषय दोन: पुरुषांचं वंध्यत्व आणि दवाखान्यात भरती झाल्यावर जडणारे जंतुसंसर्ग. या दोघांचा मेळ कसा बसतो, हे मला नवरात्रातल्या एका सकाळी त्यांच्या प्रयोगशाळेत बसल्यावर कळलं.

देवळीकडून एसटीनं एक जोडपं आलं होतं. सोबत सासू. "सुनेचं सारं तपासून झालं, आता डॉक्टर म्हणते पोराचंबी तपासा. याले काय झालं बाप्पा, सोयाबीनचं पोतं एकटा उचलते हा!" पोतं उचलता येतं म्हणून शुक्राणू ठीकच असतील, असं नाही. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचंही काहीतरी कारण निघतं. तरी आपल्याकडे आधी बाईच्याच तपासण्या होतात, तो शेवटी येतो.

पोरानं नमुना घरूनच आणला होता, डबी शर्टाच्या खिशात. प्रवास दीड तासाचा. वीर्य तासाभरात टेबलावर पोचायला हवं, नाहीतर धावणारे शुक्राणू मंदावतात आणि रिपोर्ट उगाच वाईट येतो. त्याला तिथंच नवा नमुना द्यायला सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यातले ४२ टक्के हलते, ही खालची रेघ. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले, अशा पुरुषांमधल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांवरून ती आखलीय. म्हणजे रेघेखाली गेला की संपलं, असं नाही.

याचा आकडा रेघेखाली होता. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याच गोल पेशी दिसत होत्या. गावोगावच्या लॅबमध्ये अशा पेशींपुढे सरळ 'पस सेल', म्हणजे पुवाच्या पेशी, असं लिहितात. पण गोल दिसणारी प्रत्येक पेशी पू दाखवत नाही. त्यातल्या कित्येक अर्धवट घडलेल्या शुक्राणूंच्या असतात आणि रंग दिल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखालीही दोघींमधला फरक नीट कळत नाही. मॅडम पेरॉक्सिडेजची रंगक्रिया करतात. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तपकिरी होतात, कच्च्या पेशी तशाच राहतात. तपकिरी पेशी मिलिलिटरला १० लाखांच्या वर गेल्या की जंतूंचा शोध घ्यायचा.

जंतू सापडलाच तर तो बऱ्याचदा ई. कोलाय असतो, आपल्याच आतड्यातला. त्याच्या अंगावर बारीक केस असतात. शुक्राणूच्या पृष्ठभागावरची मॅनोज नावाची साखर ते केस पकडतात, शुक्राणू एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होऊन जागीच तडफडतात. प्रयोगशाळेत आधीच मॅनोज घातलं की पकड बसत नाही. (घरी साखरपाणी पिऊन असलं काही होत नाही, हे सांगून ठेवतो.)

हाच ई. कोलाय वरच्या मजल्यावर, वॉर्डात, लघवीच्या नळीत भेटतो. ही नळी, म्हणजे कॅथेटर, मूत्राशयात घातल्यावर दररोज ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू शिरतात. नळीच्या आत ते चिकट थर करून बसतात, त्या थरात औषध नीट पोचत नाही. नळीतून लघवी जिथं जमते ती पिशवी मूत्राशयाच्या खालीच लटकायला हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. आणि नातेवाईक काय करतात? एक्स-रेला नेताना पिशवी उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवतात. शिळी लघवी उलटी आत. सिस्टर ओरडतात, पण एका सिस्टरकडे खाटा किती!

मॅडमचे दोन विषय इथं एकमेकांना भिडतात. ट्रॅक्टरवरून पडून पाठीचा कणा दुखावलेला पंचविशीतला पोरगा, महिनाभर कॅथेटर. जंतू उलटे चढून वृषणामागच्या अधिवृषणापर्यंत पोचतात. अधिवृषण म्हणजे वृषणातले शुक्राणू पुढे नेणारी गुंडाळलेली नळी; उलगडली तर सहाएक मीटर भरेल, जाडीला मात्र दोऱ्यासारखी. सुजून तिथं व्रण पडला आणि दोन्ही बाजू बुजल्या, तर वृषणात शुक्राणू तयार होत राहतात, वीर्यात मात्र एकही उतरत नाही.

अशाच एका रुग्णाच्या लघवीतले जंतू वाढवलेली प्लेट मॅडमनी उजेडात धरली. औषधाच्या सहा चकत्या. जिथं औषध चालतं तिथं चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. इथं एकीभोवती तो होता, पाचांभोवती जंतू अगदी काठापर्यंत भिडलेले. न तपासता 'पस सेल'वर दिलेल्या अँटिबायोटिकनं असेच जंतू माजतात, आणि मग ते वॉर्डात उतरतात.

देवळीच्या पोराच्या काचपट्टीवर तपकिरी पेशी मोजक्याच निघाल्या. विचारलं तेव्हा कळलं, पोळ्याला आठ दिवस डेंग्यूचा ताप होता. शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून पोळ्याच्या तापानं बिघडवलेला हिशेब नवरात्रात दिसतो. मॅडमनी कोणतीच गोळी लिहिली नाही. "दिवाळी उलटली की महिन्यानं पुन्हा या."

"गोळी नाई देत काहीच?" सासूनं दोनदा विचारलं. फाटकाबाहेर पडताना ती समोरच्या मेडिकलच्या पाटीकडं बघत होती.