विजेवरील पिकअप ट्रक : प्रत्यक्ष ऊर्जाक्षमता व पल्ला (सोलापूर परिसर)

विजेवर चालणारा मालवाहू पिकअप ट्रक ठरावीक अंतराला किती वीज खातो ही त्याची ऊर्जाक्षमता, आणि बॅटरी पूर्ण भरल्यापासून संपेपर्यंत तो जितके अंतर तोडतो तो त्याचा पल्ला. वीज किलोवॅट-तासात मोजतात. घरच्या बिलातले एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. डिझेल गाडीचे ॲव्हरेज लिटरला किती किलोमीटर असे सांगतात. विजेच्या गाडीचा हिशेब बहुधा उलटा मांडतात, 100 किमीला किती युनिट. म्हणजे आकडा लहान तेवढी गाडी चांगली. पत्रकात छापलेला पल्ला आणि रस्त्यावर हाती येणारा पल्ला यांत अंतर पडतेच. ते किती पडेल हे वेग, वजन, वारा, चढ आणि ऊन यांवर ठरते, आणि सोलापूरच्या माळरानावर यांतली एकही गोष्ट सौम्य नाही.

गाड्यांचे दोन वर्ग

एका नावाखाली दोन अगदी वेगळी वाहने येतात. अमेरिकेत पिकअप म्हणजे पाच जण बसतील अशी मोठी केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली अवाढव्य गाडी. रिव्हियन आर1टी (2021) आणि फोर्ड एफ-150 लायटनिंग (2022) ही त्यांची ठळक उदाहरणे. लायटनिंगच्या मोठ्या बॅटरीत वापरण्याजोगी 131 युनिट वीज मावते, गाडीचे स्वतःचे वजन तीन टनांच्या आसपास जाते आणि तिचा अधिकृत पल्ला 320 मैल, म्हणजे 515 किमी आहे. जीएमसी हमर ईव्ही तर रिकामीच चार टनांच्या वर भरते. पल्ला मोठा आहे तो बॅटरी मोठी असल्यामुळे. त्याला काटकसर म्हणता येणार नाही.

सोलापुरात पिकअप म्हटले की डोळ्यांसमोर येते ती एक-दीड टन माल उचलणारी डिझेल गाडी, आणि तिच्याखालोखाल 2005 मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती. याच छोट्या वर्गात विजेच्या गाड्या खऱ्या अर्थाने कामाला लागल्या. मे 2022 मध्ये जाहीर झालेल्या टाटा एस ईव्हीची बॅटरी 21.3 युनिटांची, वहनक्षमता 600 किलो आणि प्रमाणित पल्ला 154 किमी होता. 2024 मध्ये तिची एक टन वाहणारी आवृत्ती आली, तिचा पल्ला 161 किमी सांगितला गेला. त्याच वर्षी महिंद्रची झिओ आली. तिचा पल्ला 160 किमीपर्यंत सांगितला जातो. या नोंदीतील पुढचे हिशेब या छोट्या वर्गाला धरून आहेत.

पत्रकातला पल्ला येतो कुठून

भारतात विजेच्या वाहनांचा पल्ला एआयएस-040 या मानकाप्रमाणे मोजतात. पुण्याची एआरएआय ही त्यासाठीची प्रमुख संस्था. गाडी रस्त्यावर नेत नाहीत. ती प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर (रोलरवर) उभी करून, ठरवून दिलेल्या चढउतारांनी वेग कमी-जास्त करत चालवतात. वेगाच्या या आराखड्याला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, थोडक्यात एमआयडीसी म्हणतात (अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीशी तिचे नाते नाही). तिच्यातला सर्वाधिक वेग ताशी 90 किमी, आणि तोही थोडा वेळ. प्रयोगशाळेत ना समोरचा वारा, ना घाट, ना मे महिन्याची दुपार.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची रीत वेगळी आहे. तिथे रुळांवर मिळालेला पल्ला साधारणपणे 0.7 ने गुणून मगच छापतात, कारण गार-गरम हवा, वातानुकूलन आणि जोरात हाकणारे चालक हे सगळे चाचणीत येत नाही. म्हणून आपला आणि अमेरिकेचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये. तोच 0.7 चा गुणक 154 किमीला लावला तर 108 किमी येतात. सोलापुरात भाड्याचा हिशेब बसवणाऱ्याने 100 ते 110 किमी धरूनच गणित करावे; त्यावर मिळेल ते पदरात.

वीज जाते कुठे

मालासह दोन टन भरलेली, मागे उंच बंद डबा असलेली गाडी घेऊ. सपाट डांबरी रस्त्यावर टायर लोळवण्यात 100 किमीला साडेपाच युनिटांच्या आसपास वीज जाते, आणि हा खर्च वेगाने फारसा बदलत नाही. तो वजनाच्या प्रमाणात वाढतो. हवेचे मात्र तसे नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने चढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. समोरचा भाग तीन चौरस मीटर धरला तर ताशी 40 किमीला हवा कापण्यात 100 किमीमागे पावणेतीन युनिट जातात, 60 ला सव्वासहाच्या जवळपास, आणि 80 ला सव्वाअकरा. मोटर, कंट्रोलर आणि गिअर यांतली गळती धरून या बेरजेत पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त भर घातली, की 40 च्या वेगाला दहा-साडेदहा, 60 ला पंधरा आणि 80 ला एकवीस युनिटांच्या घरात खर्च येतो. 21.3 युनिटांची बॅटरी पहिल्या वेगात 200 किमी पुरेल, शेवटच्या वेगात जेमतेम 100. गाडी तीच, माल तोच, फक्त पाय जड.

यातून डिझेलवाल्यांना उफराटी वाटणारी गोष्ट निघते. डिझेल गाडी गावात जास्त पिते आणि हायवेला ॲव्हरेज देते. विजेची गाडी गावात काटकसरी, हायवेला खर्चिक. लायटनिंगच्या अमेरिकी आकड्यांतही हे दिसते. तेवढ्याच विजेत ती शहरात महामार्गाच्या जवळजवळ सव्वापट अंतर तोडते. गावात वेग कमी, आणि प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच जनित्र बनून गाडीला रोखते आणि थोडी वीज बॅटरीत परत ढकलते. सात रस्ता ते अशोक चौक असे सतत थांबत-निघत जाणाऱ्या गाडीला याचा चांगला हातभार लागतो. अर्थात वेग घेताना घातलेली सगळी वीज कधीच परत येत नाही, त्यामुळे दामटून ब्रेक मारणारा चालक इथेही तोट्यातच.

गावातल्या संथ वेगाला एक छिद्र आहे, ते केबिनच्या एसीचे. एसी एक किलोवॅट ओढतो असे धरले, तर ताशी 60 च्या वेगाला त्याचा भार 100 किमीमागे पावणेदोन युनिट पडतो. ताशी 20 ने रांगत चाललेल्या गाडीला पाच. एसी तासावर वीज खातो आणि गाडी किलोमीटरवर, म्हणून कोंडीत त्याचा हिस्सा फुगतो.

माल

सोलापूरचा माल ढोबळमानाने दोन जातींचा. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून आणि पूर्व भागातल्या यंत्रमागांवरून निघणारे टॉवेल जागा जास्त व्यापतात. हौदा भरतो पण काटा भरत नाही. हैदराबाद रस्त्यावरच्या मार्केट यार्डातला कांदा याच्या उलट. पन्नास किलोच्या बारा गोणी टाकल्या की 600 किलो संपले, हौदा अर्धा मोकळा दिसतो, आणि इथेच मोह होतो. जादा गोणींनी टायरचा खर्च त्याच प्रमाणात वाढतो. गाडी ओढते, मोटरला उभ्या जागी पूर्ण जोर असल्याने ती तक्रारही करत नाही. डिझेल इंजिन घरघरते तसा इशारा मिळत नाही. वीज मात्र मुकाट्याने जात राहते आणि टायर, पाटे, ब्रेक यांची झीज नंतर समोर येते.

टॉवेलच्या गठ्ठ्यांचा त्रास वेगळा. ते हौद्याच्या वर रचले की समोरचा भाग वाढतो, आणि नीट न ताणलेली, फडफडणारी ताडपत्री हवेला आणखी अडवते. हलका माल आहे म्हणून कमी खर्च येईल, हा अंदाज हायवेवर खोटा ठरतो. मोठ्या अमेरिकी पिकअपमागे उंच ट्रेलर जोडला तर पल्ला निम्म्यावर येतो, त्याचेही मुख्य कारण वजनापेक्षा हवा हेच आहे.

चढ, वारा, ऊन

सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटरवर आहे, तर 45 किमीवरचे तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरात, सोलापूरपेक्षा सुमारे दोनशे मीटर उंच. दोन टन वजन 100 मीटर वर चढवायला अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. म्हणजे तुळजापूरच्या चढाची किंमत, गळती धरून, सव्वा युनिटाच्या आसपास. घाटाची धास्ती जितकी घेतली जाते त्या मानाने हे फार नाही. त्याच फेरीत 50 ऐवजी 70 ने गाडी पळवली तर यापेक्षा जास्त वीज जाते. उतरताना काही भाग परत मिळतो, पण अट आहे: बॅटरीत जागा हवी. तुळजापुरात गाडी काठोकाठ 100 टक्के चार्ज करून लगेच उतरायला घेतली, तर भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालता येत नाही, मोटरचा अडसर जवळजवळ बंद होतो आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. माल घेऊन उतरायचे असेल तर तिथे 90 टक्क्यांवर चार्जर काढलेला बरा.

डॅशबोर्डवर दिसणारे उरलेले किलोमीटर हा अंदाज असतो. बहुतेक गाड्यांत तो गेल्या काही किलोमीटरांच्या खर्चावरून काढतात. घाट उतरून आल्यावर तो फुगलेला दिसतो आणि सपाटीला लागताच ओसरतो. टक्केवारीवर विश्वास ठेवावा, किलोमीटरवर बेताने.

वाऱ्याकडे मात्र कुणी पाहत नाही. आषाढात पश्चिमेचा वारा सोलापूरच्या उघड्या माळावर दिवसभर वाहत असतो. ताशी 50 ने मोहोळकडे निघालेल्या गाडीसमोर ताशी 20 चा वारा आला, तर हवेच्या लेखी ती 70 ने चालली आहे, आणि हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. परत येताना तोच वारा पाठीशी असतो, पण जातानाचा तोटा पूर्ण भरून निघत नाही. जाता-येतानाच्या दोन्ही वेगांच्या वर्गांची बेरीज शांत हवेपेक्षा जास्तच येते. टेंभुर्णी किंवा इंदापूरपर्यंत जाणाऱ्याने पावसाळ्यात हा हिशेब घाटापेक्षा जास्त गांभीर्याने करावा.

उन्हाळ्यात इथला पारा 40 अंशांच्या वर जातो आणि काही दिवस तिथेच मुक्काम करतो. छोट्या मालवाहू गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांना पसंती असते. त्या उष्णतेला तुलनेने सोशिक आहेत आणि सहजासहजी पेट घेत नाहीत. तरीही बॅटरी तापली की यंत्रणा चार्जिंगचा वेग कमी करते आणि बॅटरी थंड ठेवण्याची सोय असेल तर तीही वीज खाते. पल्ल्यावर याचा ताबडतोब होणारा परिणाम माफक असतो. थंड देशांत हिवाळ्यात होते तशी मोठी घट सोलापुरात होत नाही. उन्हाचा खरा फटका बॅटरीच्या वयाला बसतो. भर दुपारी फेरी संपवून लगेच जलद चार्जरला लावण्यापेक्षा सावलीत थांबवून रात्री हळू चार्ज केलेली गाडी जास्त वर्षे टिकते.

भिंतीपासून चाकापर्यंत

गाडीमालक पैसे मोजतो ते मीटरमधून गेलेल्या विजेचे, बॅटरीत उतरलेल्या विजेचे नाही. चार्जर आणि बॅटरी तापण्यात साधारण दहा ते पंधरा टक्के वीज जाते. लायटनिंगचे आकडे इथेही उपयोगी पडतात: 131 युनिटांत 515 किमी म्हणजे 100 किमीला साडेपंचवीस युनिट, पण भिंतीपासून मोजलेला अधिकृत खर्च तीस युनिटांच्या जवळ आहे. खरा खर्च काढायचा असेल तर डिझेलवाल्यांची टाकी फुल ते टाकी फुल हीच रीत धरावी: गाडी 100 टक्के भरायची, काही दिवस नेहमीचे काम करायचे, पुन्हा 100 टक्के भरताना चार्जिंगच्या सॉकेटला लावलेल्या सबमीटरवरची युनिटे मोजायची आणि किलोमीटरने भागायची. एका फेरीवरून काढलेल्या आकड्याला अर्थ नाही.

15 अँपिअरच्या सॉकेटमधून 230 व्होल्टला जास्तीत जास्त साडेतीन किलोवॅट मिळतात, म्हणजे 21.3 युनिटांची बॅटरी भरायला सात तास. साखर पेठेसारख्या जुन्या वस्तीत वायरिंग बारीक असेल आणि संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल, तर हेच काम लांबते आणि सॉकेट तापतो. जाड तांब्याची वेगळी वायर आणि नीट अर्थिंग हा खर्च टाळू नये.

डिझेलशी तुलना करताना दोन्ही बाजू सांगायला हव्यात. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. लिटरला 20 किमी देणारी छोटी गाडी 100 किमीला 50 युनिट जाळते, विजेची गाडी भिंतीपासून 16. पण ही वीज सगळी कोळशाची असेल, तर चित्र बदलते. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे 660 मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा केंद्रात कोळशातल्या ऊर्जेपैकी 40 टक्क्यांच्या आतबाहेरच वीज बनते, पुढे तारांत गळती. सगळे जमेस धरले तर कोळशापासून चाकापर्यंतचा खर्च डिझेलच्या जवळपास येऊन बसतो. मालकाच्या खिशातली बचत खरी आहे, गल्लीतला धूर खरोखर जातो. ऊर्जेची मोठी बचत मात्र दुपारच्या सौर विजेवर गाडी भरली तरच हाती लागते, आणि मालवाहू गाडी नेमकी त्याच वेळी रस्त्यावर असते.

वय

बॅटरीची साठवणक्षमता वर्षागणिक घटते आणि पल्ला त्याच प्रमाणात आखडतो. 100 किमीला लागणारी वीज मात्र फारशी वाढत नाही. क्षमता 80 टक्क्यांवर आली की 21.3 ची बॅटरी 17 युनिटांची उरते. ताशी 60 च्या हिशेबाने ती सुमारे 115 किमी चालेल, आणि तळाचे पंधरा टक्के राखून ठेवले तर शंभराच्या आत. शहरात दिवसाला साठ-सत्तर किमी फिरणाऱ्याला याने काही बिघडत नाही. अक्कलकोट (40 किमी) जाऊन-येऊनही जमते. पंढरपूर (72 किमी) मात्र नव्या गाडीलाही ओझ्यासह जाऊन-येऊन संथ वेगानेच जेमतेम बसते आणि जुन्या गाडीला तिथे चार्जर शोधावा लागतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणून किलोमीटर किती झाले यापेक्षा आधी 100 टक्क्यांपासून 20 पर्यंत भरल्या हौद्याने चालवून पाहावी, आणि ती चाचणी शक्यतो मे महिन्यात घ्यावी.