स्वाट कॅट्स : आपल्याकडे येण्याआधीच थांबलेली मालिका

भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं १ मे १९९५ रोजी. 'स्वाट कॅट्स' या कार्टून मालिकेचा शेवटचा भाग अमेरिकेत दाखवला गेला तो त्याच वर्षीच्या जानेवारीत. या दोन तारखा शेजारी शेजारी मांडल्या की नव्वदच्या दशकात वाढलेल्या पिढीची ती जुनी हळहळ नीट समजते. आपण ही मालिका बघायला लागलो तेव्हा ती बंद होऊन काही महिने, पुष्कळांच्या बाबतीत काही वर्षं, उलटून गेली होती. नवे भाग येतील म्हणून आपण इकडे वाट बघत होतो आणि तिकडे फाइल केव्हाच बंद झाली होती. चाळिशीला टेकलेली माणसं आजही 'स्वाट कॅट्स का बंद केलं?' असं कळवळून विचारतात. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्यात एक स्टुडिओ आहे, एक मालक आहे, अमेरिकी संसदेतल्या सुनावण्या आहेत आणि खेळण्यांचा बाजारही आहे.

मालिका सुचली ती ख्रिश्चन आणि इव्हॉन ट्रेम्बले या कॅनडातल्या भावांना. बनवली हॅना-बार्बेरानं. फ्लिंटस्टोन्स, स्कूबी-डू, योगी बेअर अशा हसऱ्या, उजळ रंगांच्या कार्टूनांसाठी हा स्टुडिओ नावाजलेला. १९९१मध्ये टेड टर्नर यांच्या कंपनीनं तो विकत घेतला आणि १ ऑक्टोबर १९९२ला याच कंपनीनं अमेरिकेत कार्टून नेटवर्क सुरू केलं. जुन्या कार्टूनांचा साठा भरपूर होता, पण नव्या मुलांसमोर ठेवायला नवं काहीतरी हवं होतं. सप्टेंबर १९९३मध्ये 'स्वाट कॅट्स' पडद्यावर आलं आणि हॅना-बार्बेराच्या घराण्यातलं वाटेचना इतकं ते वेगळं होतं. शीर्षकाला कडक गिटार, काळवंडलेलं आकाश, त्यातून सणसणत जाणारं लढाऊ जेट. अ‍ॅनिमेशनचं बरंचसं काम जपानच्या मूक या स्टुडिओनं केलं होतं आणि दुसऱ्या सीझनमध्ये तर तो हात ओळखू येतो: विमानाचं वळण, स्फोटानंतर उसळणारा धूर, मांजरांच्या चेहऱ्यावर पडणाऱ्या सावल्या. सगळे भाग रॉबर्ट अल्वारेझ यांनी दिग्दर्शित केले आणि त्यांपैकी पुष्कळ भागांचं लेखन ग्लेन लिओपोल्ड यांचं होतं. त्यामुळे मालिकेला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर आहे.

पण मुलं तिच्यात अडकली ती नुसत्या जेटमुळे नाही. 'द रॅथ ऑफ डार्क कॅट' या भागात नायकांची पूर्वकथा येते, ती आठवून बघा. चान्स फर्लाँग आणि जेक क्लॉसन हे दोन बोके मेगाकॅट सिटीच्या संरक्षण दलात, एन्फोर्सर्समध्ये, वैमानिक असतात. डार्क कॅट हा खलनायक त्यांच्या तावडीत सापडलेला असतो. तेवढ्यात दलाचा प्रमुख, कमांडर फेरल, मध्ये घुसतो. श्रेय त्याला स्वतःला हवं असतं. तो त्यांना बाजूला व्हायला फर्मावतो, ते ऐकत नाहीत, तो आपल्या विमानानं त्यांच्या विमानाला धक्का देतो आणि ते जाऊन आदळतं थेट एन्फोर्सर्सच्या मुख्यालयावर. डार्क कॅट निसटतो. चूक फेरलची आणि शिक्षा या दोघांना: दलातून हकालपट्टी, आणि इमारतीचं नुकसान फिटेपर्यंत लष्करी भंगाराच्या आवारात राबायचं. त्याच भंगारातून ते टर्बोकॅट हे आपलं जेट उभं करतात आणि टी-बोन आणि रेझर होऊन त्याच शहराचं रक्षण करतात, जिथला कमांडर त्यांना बेड्या घालायला टपलेला आहे.

दहा वर्षांच्या मुलाला अन्याय फार लवकर कळतो. मोठ्यांनी चूक करायची आणि बोलणी लहानानं खायची, हा अनुभव त्या वयात रोजचा असतो. या कथेचा गाभा नेमका तोच होता. दिवसा हे दोघं गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतात, भंगार टाकायला येणारे बर्क आणि मरी त्यांना टोमणे मारतात, आणि कोण आहोत ते सांगायची सोय नसते. उपमहापौर कॅली ब्रिग्ज त्यांना संपर्कयंत्रावरून हाक मारते, त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवते, पण मुखवट्यामागचे चेहरे तिला ठाऊक नाहीत. (महापौर मँक्स गोल्फ खेळत असतो, शहराचा कारभार खरं तर हीच चालवते. मुलांच्या मालिकेत असं बाईचं पात्र तेव्हा विरळाच.) घरी टीव्हीसमोर बसलं की चान्सला 'स्केअरडी कॅट' हे कार्टून हवं असतं आणि जेकला डेव्हिड लिटरबिनचा शो. अशा बारीक गोष्टींमुळे ते दोघं नुसते वीर उरत नाहीत, ओळखीचे होतात.

खलनायकही साधे नव्हते. डार्क कॅटला ब्रॉक पीटर्स यांचा खर्जातला आवाज होता. मेटॅलिकॅट्स म्हणजे मॅक आणि मॉली हे गुंड नवरा-बायको. मेल्यानंतर त्यांची मनं रोबोटांत उतरवलेली, तरी दोघांची भांडणं तशीच चालू. 'द जायंट बॅक्टेरिया'सारख्या भागात शहरावर जे संकट येतं ते मुलांच्या कार्टूनच्या मानानं चांगलंच भयंकर आहे. माणसं, म्हणजे मांजरं, खरोखर मरतात. ही मालिका मुलांना भाबडं समजत नव्हती, आणि मला वाटतं तिच्यावर जीव जडायचं हे मोठं कारण आहे. तिच्या मुळावर आलं तेही हेच.

कारण त्याच सुमाराला अमेरिकेत टीव्हीवरच्या हिंसेवरून रान उठलं होतं. १९९३मध्ये संसदेच्या समित्यांपुढे यावर सुनावण्या झाल्या. ज्यांनी तिथे साक्ष दिली त्यांत स्वतः टेड टर्नर होते. टीव्हीवरची हिंसा समाजातल्या हिंसेला जबाबदार आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं आणि आपल्या धंद्यालाही त्यातून वगळलं नाही. पर्यावरणाचा संदेश देणारं 'कॅप्टन प्लॅनेट' हे त्यांच्याच कल्पनेतून १९९०मध्ये आलेलं. मुलांच्या कार्यक्रमानं काय करावं याबद्दल त्यांची मतं पक्की होती. आता विचार करा: स्टुडिओ त्यांचा, वाहिनी त्यांची, आणि त्याच घरात क्षेपणास्त्रं सोडणारी, इमारती पाडणारी मालिका जोरात चाललेली. १९९४मध्ये सिंडिकेशनमधल्या, म्हणजे वेगवेगळ्या स्थानिक वाहिन्यांना विकल्या जाणाऱ्या, कार्टूनांत 'स्वाट कॅट्स' पहिल्या क्रमांकावर होती. प्रेक्षक नाहीत म्हणून ती बंद पडली, असं कोणालाच म्हणता येणार नाही. टर्नर यांची हिंसेबद्दलची नाराजी हे कारण चाहत्यांत सर्वाधिक सांगितलं जातं, आणि त्या काळाचं वातावरण पाहता ते पटण्यासारखं आहे.

दुसरं कारण पैशाचं. अमेरिकेत १९८४मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची वेळेची बंधनं उठली. त्या काळात कार्टून आणि खेळणं यांची जोडगोळी जमली. मालिका हीच खेळण्याची जाहिरात, आणि खेळण्याच्या विक्रीतून मालिकेचा खर्च. १९९०च्या कायद्यानं जाहिरातींच्या वेळेवर पुन्हा मर्यादा आणली, पण गणित तेच राहिलं: दुकानात बाहुला खपला तर पडद्यावरचा नायक टिकतो. 'स्वाट कॅट्स' आलं १९९३मध्ये आणि रेमको कंपनीची त्यावरची खेळणी आली १९९४मध्ये. पहिल्या वर्षी ज्या मुलांनी वेड्यासारखी ही मालिका पाहिली त्यांना दुकानात मागायला काही नव्हतं. वर ही मालिका काढायला महाग. इतकी विमानं, इतके स्फोट हातानं काढायचे म्हणजे काय खर्च येतो याची कल्पना करता येईल.

स्टुडिओची दिशाही बदलत होती. फ्रेड सायबर्ट १९९२मध्ये हॅना-बार्बेराचे प्रमुख झाले आणि त्यांनी तरुण चित्रकारांना छोटी, विनोदी, एकेकट्या कल्पनेची कार्टून करायला दिली. 'व्हॉट अ कार्टून!' या नावानं ती फेब्रुवारी १९९५पासून दिसू लागली, म्हणजे 'स्वाट कॅट्स' संपल्यावर दीडेक महिन्यात. त्यातूनच 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी', 'जॉनी ब्राव्हो', 'पॉवरपफ गर्ल्स' आली. तीही आपण मनापासून पाहिली आणि त्यांच्याबद्दल माझा काही राग नाही. पण त्या नव्या घरात टर्बोकॅटला हँगर उरला नव्हता.

लाडकी मालिका अवेळी बंद पडणं ही गोष्ट टीव्हीइतकीच जुनी आहे. १९६८मध्ये 'स्टार ट्रेक' बंद होणार अशी कुणकुण लागल्यावर ब्यो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्यानं पत्रांची मोहीम चालवली, ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पडला, आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये वाहिनीला पडद्यावरून सांगावं लागलं की मालिका चालू राहील. तिसऱ्या सीझनला शुक्रवारी रात्री १० ही पडेल वेळ दिली गेली आणि १९६९मध्ये ७९ भागांवर ती संपलीच. तिचं खरं साम्राज्य उभं राहिलं ते त्यानंतर, पुनःप्रक्षेपणातून. निर्णय घेणारे पहिल्या वेळचे आकडे बघतात. जीव लावणारे प्रेक्षक पुष्कळदा नंतर येतात.

मुलांच्या मालिकांच्या वाट्याला तर पत्रंही येत नाहीत. आठ-दहा वर्षांचं मूल वाहिनीला काय लिहिणार आणि कुठे? 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ही सीबीएसवरची मालिका १९८३ ते १९८५ चालली आणि २७ भागांवर थांबली. जत्रेतल्या एका पाळण्यातून दुसऱ्याच जगात पोचलेली सहा मुलं घरी परतायची वाट शोधत असतात. ती पडद्यावर कधी परतलीच नाहीत. 'रेक्वियम' नावाच्या अखेरच्या भागाची पटकथा मायकल रीव्ह्ज यांनी लिहून ठेवली होती, पण त्या वेळी तो भाग बनला नाही. मालिका पाहणाऱ्या मुलांपैकी एकालाही कोणी सांगितलं नाही की आता नवा भाग येणार नाही. शनिवारी सकाळी त्या जागी दुसरं काहीतरी लागलं, एवढंच.

'स्वाट कॅट्स'च्या बाबतीत ही जखम जास्त ठसठसते, कारण काम चालू असताना थांबवलं गेलं. अ‍ॅनिमेशनमध्ये आधी पटकथा होते, मग कलाकार आवाज देतात, मग प्रसंगांची रेखाचित्रं होतात आणि सगळ्यात शेवटी ते बाड अ‍ॅनिमेशनसाठी परदेशी स्टुडिओकडे जातं. मध्येच हुकूम आला की प्रत्येक भाग जिथे असेल तिथे गोठतो. 'सक्युबस', 'द कर्स ऑफ कॅटलुना' आणि 'डॉक्टर्स ऑफ डूम' हे तीन भाग असे अर्धवट राहिले. जानेवारी १९९५मध्ये जे दाखवलं गेलं ते जुन्या भागांतले तुकडे जोडून केलेलं 'स्पेशल रिपोर्ट' होतं. दोन सीझन आणि २५च्या आसपास भाग, एवढ्यावर कारभार आटोपला.

आणि मग ते तुटपुंजे भाग आपल्याकडे आले. त्या काळी आपल्याकडे कार्टून नेटवर्क अर्धा दिवसच असायचं. ठरलेली वेळ झाली की तीच वाहिनी टीएनटी व्हायची आणि जुने इंग्रजी चित्रपट सुरू व्हायचे. पुढे हिंदी आवाज आले आणि मालिका इंग्रजी न कळणाऱ्या घरांतही पोचली. पंचवीस भाग फिरून फिरून लागत असल्यामुळे ते पाठ झाले, पण त्यामुळेच मालिका संपली आहे हे कळायला मार्ग नव्हता. उद्याचा भाग पाहिलेला निघाला तर परवाचा नवा असेल, असं वाटत राहायचं. इंटरनेट हाताशी आल्यावर कधीतरी एकेकाला १९९५ हे साल दिसलं आणि धक्का बसला. अमेरिकेतल्या मुलांना निदान मालिका गेली ते त्या वेळी जाणवलं. आपल्याला ते कित्येक वर्षांनी, मोठेपणी समजलं.

१९९६मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि हक्क वॉर्नरकडे गेले. वॉर्नरनं २०१०मध्ये संपूर्ण मालिका डीव्हीडीवर आणली, तीही मागणी नोंदवली की तयार करून द्यायची अशा पद्धतीनं. ट्रेम्बले बंधूंनी मात्र सोडलं नव्हतं. २०१५मध्ये त्यांनी 'स्वाट कॅट्स रेव्होल्यूशन'साठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर चाहत्यांकडे पैसे मागितले आणि मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त जमले. तेव्हाची मुलं आता कमावती झाली होती; ज्यांच्याकडे एकेकाळी पत्र लिहायला पत्ताही नव्हता त्यांनी या वेळी पैसे पाठवले. नोव्हेंबर २०२२मध्ये या नव्या मालिकेची घोषणा झाली ती तिरुवनंतपुरमच्या टून्झ मीडिया ग्रुपकडून. ज्या देशात ही मालिका संपल्यावर पोचली, तिथल्याच कंपनीनं तिला पुन्हा हात घालावा हे मला फार रास्त वाटतं.

नव्या मालिकेनं नवी चित्रं, नवं तंत्र जरूर आणावं. पण फेरलनं लादलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही, कॅलीला अजून काही कळलेलं नाही, आणि 'सक्युबस'मध्ये तो दगडासारखा फेरल कॅट्रिना मूरक्रॉफ्टच्या प्रेमात पडणार होता. आधी तो भाग पूर्ण करावा, मग पुढचं.