ईआरपीतल्या चुकांचा साठ वर्षांचा माग

गोव्यातल्या वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारापाशी ईआरपीचा, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय काढला, की गाडी बहुधा सॉफ्टवेअरच्या तक्रारीवर येते. स्टॉक जुळत नाही, स्टोअरवाले अजून एक्सेलच वापरतात, बिल काढायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांचं मूळ त्या एका सॉफ्टवेअरपेक्षा बरंच जुनं आहे.

सुरुवात 1964 ची. आयबीएमचे जोसेफ ऑर्लिकी यांनी एमआरपी, म्हणजे कच्च्या मालाच्या गरजेचं नियोजन करण्याची पद्धत मांडली आणि ब्लॅक अँड डेकर या अवजारं बनवणाऱ्या कंपनीने ती प्रथम राबवली. किती नग बनवायचे, एका नगाला कोणते सुटे भाग लागतात (यालाच बीओएम म्हणतात) आणि गोदामात काय शिल्लक आहे, या तीन गोष्टींवरून काय, कधी मागवायचं ते संगणक काढणार. तिन्हींपैकी एक आकडा खोटा निघाला तर पुढचं सगळंच चुकतं. म्हणून पुढे एमआरपीचे सल्लागार ऑलिव्हर वाइट यांनी कसोटी घातली: शिल्लकीच्या नोंदी निदान 95 टक्के आणि बीओएम 98 टक्के अचूक हवा.

आपले बहुतेक प्रकल्प इथेच घसरतात. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या मालाच्या मूळ यादीत, एकच बोल्ट तीन नावांनी असतो: एकदा खरेदीवाल्याने लिहिलेला, एकदा स्टोअरने, एकदा पुरवठादाराच्या बिलावरून. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर गेलेला माल चलनावर दिसतो, पण स्टॉकमधून वजा झालेला नसतो. बीओएम सुपरवायझरच्या डोक्यात असतो आणि तो मंगळवारी रजेवर असतो. मास्टर साफ करण्याचं हे कंटाळवाणं काम मालक नव्याने भरती झालेल्या मुलाकडे सोपवतात. पैसे वाचवण्याचा याहून महाग मार्ग मला माहीत नाही. हे काम स्टोअरमध्ये वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाचंच आहे. त्याला रोजच्या कामातून मोकळं करावं लागतं, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस द्यावा लागतो.

1972 मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी जर्मनीत सॅप ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. 1990 मध्ये गार्टनर या संशोधन संस्थेने या साऱ्या प्रकाराला ईआरपी हे नाव दिलं. 1992 मध्ये सॅपचं आर-थ्री आलं, मोठ्या मेनफ्रेम संगणकाची गरज संपली आणि मध्यम कंपन्याही या वाटेला लागल्या. मग जुने संगणक 2000 सालच्या तारखा चुकीच्या वाचतील अशी भीती आली आणि घाई सुरू झाली. अमेरिकेतली औषध वितरक कंपनी फॉक्समेयर 1996 मध्ये दिवाळखोरीत गेली. कारणं इतरही होती, पण जुन्या यंत्रणेवर रात्रीत लाखो ऑर्डरी हाताळणाऱ्या या कंपनीला सॅपच्या नव्या यंत्रणेवर त्याचा लहानसा वाटाच पेलत होता. गोदामं बंद होणार म्हणून तिथल्या कामगारांचं मनही उडालं होतं. 1999 मध्ये हर्शी या चॉकलेट कंपनीने ईआरपी बसवण्याचं चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकायचं ठरवलं आणि ऐन हॅलोविन सणाच्या हंगामात तोंडावर आपटली. माल गोदामात होता, तरी सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या झाल्या नाहीत.

जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केट कंपनीची गोष्ट वेगळी. माल खरेदीच्या किमतीने मोजायची तिची जुनी सवय, आणि सॅपची मांडणी विक्रीच्या किमतीवर उभी. सवय बदलायची नाही म्हणून सॉफ्टवेअर बदलत राहिले. 2011 मध्ये सुरू झालेलं काम 2018 मध्ये गुंडाळलं, तोवर सुमारे 50 कोटी युरो खर्च झाले होते.

भारतात ईआरपी हिशेबाच्या दारातून आली. 1986 पासूनच्या टॅलीने छोट्या धंद्याला संगणकावर हिशेब शिकवला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागू झालं. त्यामुळे प्रकल्पाची सूत्रं अकाउंट्सकडे गेली, उत्पादन आणि स्टोअर मागे राहिले. मागच्या तारखेची नोंद सहज दुरुस्त करायची सवयही टॅलीसोबत आली. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची खूण राहणं सक्तीचं आहे. तरीही जिथे ईआरपी मागची नोंद अडवते, तिथे समांतर एक्सेल उगवते. ती दिसली की समजावं, खरा स्टॉक तिथे आहे.

गोव्यात आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात. स्क्रीन इंग्रजीत आणि शॉप फ्लोअर कोकणी, मराठी, हिंदीत. मुंबई-पुण्याहून आलेला सल्लागार दोन दिवसांच्या प्रेझेंटेशनवर प्रशिक्षण आटोपतो. गेटवर मालाची नोंद करणाऱ्याला त्याच्या भाषेत, त्याच्याच चलनांवर शिकवायला हवं. दुसरी गोष्ट नवी यंत्रणा सुरू करण्याच्या तारखेची. चतुर्थीच्या आठवड्यात निम्मा कारखाना घरी असतो, हॉटेलांचा हंगाम ऑक्टोबरपासून भरात येतो. 1 एप्रिल आरंभीच्या शिलकीसाठी सोयीचा, पण नेमकी तीच माणसं वर्षअखेरीच्या हिशेबात बुडालेली असतात.

औषध कारखान्यांना तर सॉफ्टवेअरमध्ये स्वतःहून केलेला प्रत्येक फेरफार अधिकच जड जातो. अमेरिकेत माल पाठवायचा तर तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेचा इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा 1997 चा नियम पाळावा लागतो: कोणी, कधी, काय बदललं याचा पुरावा हवा आणि प्रणाली ठरल्याप्रमाणे चालते हे तपासून लिहून ठेवलेलं हवं. म्हणजे सल्लागाराने हौसेने जोडलेल्या प्रत्येक नव्या स्क्रीनची अशी तपासणी आली, आणि आवृत्ती बदलली की ती पुन्हा आली.